किलोमीटरला कितीला पडली?

पेढ्यांचा पुडा पुढे केला तरी नानांनी मान वर केली नाही. माझ्या नव्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी ते उकिडवे बसले होते आणि टॉर्च मारून टायर वाचत होते. २०२४चा दसरा. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बायकोच्या हातात आरतीचं ताट. आणि हा गृहस्थ पोथी वाचावी तसा टायर वाचतोय.

"अठ्ठावीस चोवीस," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"शेवटचे चार आकडे. चोवीस सालातला अठ्ठाविसावा आठवडा. वारी अजून वाटेत होती तेव्हाचा टायर आहे तुझा. ठीक आहे, शिळा नाही." मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "कितीला पडली?"

"ऑन-रोड बारा लाख," मी जरा छाती काढून सांगितलं.

"ते बँकेला सांग. किलोमीटरला कितीला पडली?"

"अहो नाना, आत्ता तर आणली. शोरूमपासून इथपर्यंत."

"मीटर काय म्हणतंय?"

मी आत डोकावून बघितलं. बारा.

"बारा लाख भागिले बारा. किलोमीटरला एक लाखाला पडली." एवढं बोलून त्यांनी पेढा उचलला, अर्धा केला, अर्धा परत ठेवला. माझ्या बायकोचा चेहरा बघून त्यांना बहुधा दया आली. "घाबरू नका. चालवाल तशी स्वस्त होत जाईल. गाडी चालली की स्वस्त होते, उभी राहिली की महागते. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी सगळं सेल्समन सांगतो ते खोटं."

असा एक जण तुमच्याही पार्किंगमध्ये आहे. लिफ्टपासून गाडीपर्यंतच्या वीस पावलांत तो तुम्हाला गाठतो. तुमच्या गाडीचा आवाज तुमच्याआधी त्याला ऐकू येतो. 'बेअरिंग बोलतंय तुझं,' असं तो तुमचं लग्न मोडल्याची बातमी द्यावी त्या आवाजात सांगतो. तुम्ही सिग्नलला क्लचवर पाय ठेवून उभे राहता हे त्याला माहीत असतं, कारण परवा तो तुमच्या मागच्या रिक्षात होता. माझी गाडी कोणत्या कंपनीची ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर नाना उद्या सकाळी तिच्या सुट्या भागांच्या किमती घेऊन दारात उभे राहतील.

नाना एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. म्हणजे शाखेतून ते निवृत्त झाले, लेखा त्यांच्यातून झाला नाही. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट खतावणी आहे. तिच्यात २००४ सालापासून त्यांच्या गाडीत गेलेला प्रत्येक लिटर, प्रत्येक पंक्चर आणि वायपरची प्रत्येक पट्टी नोंदलेली आहे. एव्हरेज ते टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशाच पद्धतीने काढतात, डॅशबोर्डवरचा आकडा दाखवला तर म्हणतात, "आरोपीचीच साक्ष काढतोयस."

आता गाडीच्या बाबतीत हे ठीक आहे. पण माणसाला एक भागाकार सापडला की तो त्याच चाकूने आंबाही कापतो आणि पाकीटही फाडतो. मी पहाटे पळायला जायचं ठरवलं आणि साडेपाच हजारांचे बूट घेतले. पंधरा दिवसांनी नाना जिन्यात भेटले.

"किती पळालास?"

"चार किलोमीटर. सगळे मिळून."

"किलोमीटरला तेराशे पंच्याहत्तर," नाना म्हणाले. "विमान स्वस्त आहे."

माईंना मुलीने येवल्याहून पैठणी आणली. माई म्हणजे नानांच्या पत्नी. या सगळ्या प्रकारात एकट्या शहाण्या. पैठणी वर्षातून एकदा नेसणार आणि अकरा महिने कपाटात राहणार, हे कळल्यावर नाना अस्वस्थ झाले. उभी वस्तू महागते हा सिद्धान्त. "मला म्हणाले, मंडईत जाताना नेसत जा," माईंनी आमच्या घरी येऊन सांगितलं. "मी विचारलं, का? तर म्हणे, किलोमीटर वाढतील. कोथिंबिरीच्या जुडीला मी पैठणी नेसून जाऊ?"

इमारतीतले एक वयोवृद्ध गृहस्थ वारले तेव्हा तर कहर झाला. सगळे खाली गंभीर चेहऱ्याने उभे. नानांनी माझ्या कोपराला धरून बाजूला घेतलं. मला वाटलं, काही अडचण आली. नाना कुजबुजले, "वैकुंठ स्मशानभूमी इथून साडेपाच किलोमीटर. शववाहिनीवाल्याने भाडं येण्याजाण्याचं लावलंय. आता तूच सांग, जाणारा परत येणार आहे का?"

सोसायटीत कुणी गाडी घ्यायची ठरवली की जावयाची चौकशी करावी तशी नानांकडे एक फेरी होते. नाना कधीही गाडीबद्दल बोलत नाहीत. कंपनी, रंग, किती एअरबॅगा, काहीच नाही. ते एकच विचारतात: "रनिंग किती?" डॉक्टरने आधी जीभ दाखवा म्हणावं तसं. रनिंग सांगितल्याशिवाय पुढची तपासणी नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी रनिंग न सांगताच डिझेल गाडी घेतली. रोज कोथरूड ते डेक्कन, जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. चार महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी हमरस्त्यावर दमदार वेगाने वीस-पंचवीस मिनिटं पळाली की ती काजळी आपोआप जळून जाते; डेक्कनच्या गर्दीत गाडी तेवढी तापतच नाही आणि गाळणी तुंबते. नानांनी त्यांना हे सविस्तर समजावलं आणि उपाय सांगितला. तेव्हापासून हे गृहस्थ दर रविवारी सकाळी सातारा रस्त्याला लागून खेड शिवापूरच्या पुढे जातात, चहा पितात आणि परत येतात. कुणी विचारलं, "कुठे चाललात?" तर नानाच वरून गॅलरीतून उत्तर देतात, "गाडीला जुलाब द्यायला."

पहिल्या मजल्यावरचा संगणकवाला मुलगा विजेवरची गाडी घेऊन आला. तो हुशार. नानांनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "नाना, किलोमीटरला सव्वा रुपया! घरच्या मीटरवर."

"तो झाला चारा," नाना म्हणाले. "बैलाचे किती?"

"सोळा लाख."

"आणि रनिंग?"

मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मी घरूनच काम करतो."

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या मायेने त्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी बघितला नव्हता.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं, नाना आता मोर्चा काढणार. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के गेलेच. त्यातून जुन्या गाडीचे रबरी पाइप या पेयासाठी बनवलेले नाहीत, म्हणून नाना दर महिन्याला बॉनेट उघडून त्यांचा वास घेतात. पण मोर्चा निघाला नाही. नाना मूळचे सांगलीकडचे, धाकटा भाऊ अजून ऊस लावतो. "भाव भावाला, घट माझ्या टाकीला," ते म्हणाले. "पैसा घरातल्या घरातच फिरतोय."

नानांचा खरा पराक्रम बघायचा तर त्यांना सर्व्हिस सेंटरला न्यावं. माझ्या गाडीच्या पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगला मी ही चूक केली. काचेच्या केबिनमध्ये टाय लावलेल्या मुलाने आमच्यापुढे सव्वीस ओळींचं अंदाजपत्रक ठेवलं. ऑइल, फिल्टर ठीक. पुढे इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, तळाला कोटिंग, काचेला कोटिंग, रंगाला कोटिंग. बेरीज अठरा हजार.

नानांनी खिशातून लाल पेन काढलं. इतक्या वर्षांनी समोर ऑडिट आलं होतं. चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी आवाज चढवला नाही. मुलाला अहो-जाहो केलं. फक्त प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे मालकांसाठी दिलेल्या पुस्तिकेत किती हजार किलोमीटरला सांगितलंय?" पुस्तिका अर्थातच त्यांच्या पिशवीत होती. मीसुद्धा ती कधी उघडली नव्हती. जिथे उत्तर नाही तिथे लाल रेघ. "इंजिन फ्लश? नऊ हजार चाललेल्या इंजिनाला? अहो, मुंज झालेल्या मुलाला कवळी बसवताय तुम्ही." शेवटी एसीचा फिल्टर बदलायला त्यांनी मान्यता दिली, पण जुना फिल्टर दाखवल्यावर. तो आला तेव्हा त्यात एक पिंपळाचं पान होतं. नाना म्हणाले, "बदला," आणि सही केली. बिल सहा हजार दोनशे झालं. बाहेर आल्यावर मी आभार मानले तर म्हणाले, "आभार नकोत. आत्ता किलोमीटरला कितीला पडतेय ते सांग."

मला सांगता आलं नाही. त्यांना आलं.

या माणसाकडे स्वतःची गाडी कोणती असेल? नानांकडे मारुती ८०० आहे. जानेवारी २००४चं पुणे पासिंग, रंग चंदेरी, पहिला मालक, शेवटचाही तोच.

८००बद्दल नाना बोलतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. १९८३च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात चावी दिली, किंमत पन्नास हजारांच्या घरात, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. २०१०च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ती विकणं थांबलं. २०१४च्या जानेवारीत कारखान्यातूनच शेवटची निघाली. ८००च्या आधी नानांकडे होती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, वापरलेली घेतलेली. गिअर स्टिअरिंगच्या खांबाला, काचेच्या कोपऱ्यात वाऱ्यासाठी तिकोनी झडप. त्या काळी गाडी घेणं म्हणजे एक अर्धवट मेकॅनिक घरात जन्माला घालणं. प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, थंडीत चोक किती ओढायचा आणि कधी सोडायचा, हे नवरा-बायकोच्या भांडणाइतकं बारीक ज्ञान होतं. साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या वळणांवर बॉनेट उघडून गार होत उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या. माणसं कडेला बसून दशम्या खायची. पाण्याचा कॅन डिकीत नसेल तर घरातून निघायचं नाही. "तेव्हा गाडी बिघडायची, पण समजायची," नाना म्हणतात. "आताची बिघडत नाही. आणि बिघडली तर लॅपटॉप जोडल्याशिवाय बोलत नाही. बडे लोक!"

विश्वासार्ह गाडीची नानांची व्याख्याही इथूनच आली आहे. जी कधीच बंद पडत नाही ती नव्हे. "जी बंद पडली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या शेजारच्या गॅरेजमध्ये, अर्ध्या दिवसात आणि हजार रुपयांत चालू होते, ती." या कसोटीवर जगातल्या सगळ्या महागड्या गाड्या नापास होतात आणि नानांची ८०० पहिली येते. पेपर त्यांनीच काढला आहे, हे मान्य.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपल्यावर २०१९ साली नाना संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन पुढची पाच वर्षं घेऊन आले. फी सहाशे रुपये. २०२४ला पुन्हा गेले तेव्हा तीच फी पाच हजार झाली होती. शिवाय हरित कर वेगळा. परत आले ते गप्पच. संध्याकाळी बाकावर बसल्यावर म्हणाले, "गाडी तीच, खिडकी तीच, मी तोच. फक्त म्हातारपण महाग झालं."

पुढे एकदा मी जरा खोडसाळपणे विचारलं, "नाना, मग ती आता किलोमीटरला कितीला पडते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस माझ्या बुटांपासून शववाहिनीपर्यंत सगळ्याचा भागाकार करणाऱ्या या माणसाला हा प्रश्न कुणी उलट विचारला नव्हता. वर जाऊन ते खतावणी घेऊन आले. कारण हिशेब मागितला तर दाखवायचा, हा धर्म.

तृतीय पक्ष विमा २,०९४. सर्व्हिसिंग आणि पीयूसी मिळून २,६००. बॅटरीचा वर्षाचा वाटा १,१००. पासिंगची फी आणि हरित कर यांचा वर्षाचा वाटा १,६००. धुणाऱ्या पोराचे महिना दोनशेप्रमाणे २,४००. पेट्रोल, लिटरला १०५ आणि एव्हरेज १४ धरून, १,५६०. इतर ३५. एकूण ११,३८९.

"आणि रनिंग?"

"दोनशे आठ."

"महिन्याला?"

"वर्षाला," नाना म्हणाले. "रविवारी सकाळी पौड फाट्यापर्यंत जाऊन येतो. चार किलोमीटर. बॅटरी उतरू नये म्हणून. चार गुणिले बावन्न."

भागाकार त्यांनी खतावणीत केलेला होताच. किलोमीटरला ५४ रुपये ७५ पैसे. पुण्यात रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये घेते आणि पुढे किलोमीटरला १७.

मी काही बोललो नाही. बोलायला जागा सापडेना म्हणून विचारलं, "हे इतर पस्तीस कसले?"

"ते असू दे," म्हणून नानांनी वही मिटली.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. माई अलीकडे त्या गाडीत दिसतच नव्हत्या. भिशीला, देवळात, दवाखान्यात, कुठेही जायचं तर त्या रिक्षाने जायच्या आणि नाना गेटपर्यंत सोडायला यायचे. कारण साधं होतं. ८००ची सीट जमिनीपासून वीतभर; तिच्यात माणूस बसत नाही, उतरतो. माईंचे दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसणं एकवेळ जमेल, बाहेर निघताना दोघांनी ओढावं लागायचं. रिक्षा बरी, उंच असते, दांडीला धरून चढता येतं. तेव्हा एके काळी दोघांना, मुलीला आणि स्टेपनीवर बसवलेल्या लोणच्याच्या बरणीला घेऊन महाबळेश्वर गाठणारी गाडी आता रविवारी सकाळी एका माणसाला घेऊन पौड फाट्याला वळसा घालून येत होती. नानांचा खर्च वाढलेलाच नव्हता. भागायला किलोमीटर उरले नव्हते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या मुलीची सीईटी, केंद्र कोंढव्याच्या बाजूला, घरापासून अकरा किलोमीटर. सकाळी सात वाजता मी माझ्या बारा लाखांच्या गाडीचं बटण दाबलं. गाडीने एक उसासा टाकला आणि पडदा काळा झाला. रहदारीला कंटाळून मी मेट्रोने जायला लागलो होतो. गाडी अठरा दिवस जागची हलली नव्हती आणि काचेवरचा हौशी कॅमेरा रात्रंदिवस बॅटरी पीत बसला होता. ऑटोमॅटिक गाडी, तिला धक्का मारूनही उपयोग नाही. फोनवर रिक्षा मिळेना. मुलगी रडवेली.

नाना गॅलरीतून बघत होते, हे सांगायला नको. बनियनवर शर्ट चढवत ते खाली आले. 'उभी राहिली की महागते' असं आता म्हणतील म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "बसा."

मुलगी पुढचं डावं दार उघडायला गेली तेव्हा नाना क्षणभर घुटमळले. "मागे बसतेस का?" मागे बसलेल्या माझ्या गुडघ्यांनी तिथली सगळी जागा व्यापली होती. ती पुढेच बसली आणि टकुरं छताला आपटलं. "आजोबा, ही सीट उंच का आहे?"

"सस्पेन्शन," नाना म्हणाले आणि पहिला गिअर टाकला. सस्पेन्शनचा आणि सीटचा काय संबंध, हे मलासुद्धा कळतं.

चाळीसच्या वेगाने, एकदाही हॉर्न न वाजवता, प्रत्येक खड्ड्याला ओळख देत त्या माणसाने आम्हाला वीस मिनिटं आधी पोहोचवलं. पेपर संपेपर्यंत झाडाखाली थांबले. मुलीला परत आणलं. संध्याकाळी मी पेट्रोलचे पैसे घेऊन वर गेलो तर नाना एखाद्या लग्नघरासारखे प्रसन्न.

"पैसे कसले? तू माझे बावीस किलोमीटर वाढवलेस!" खतावणी उघडीच होती. वर्षाचा अंदाज २०८, सुधारित अंदाज २३०. किलोमीटरला ५४ रुपये ७५ पैशांवरून ५० रुपये २३ पैसे. "एका दिवसात चार रुपये बावन्न पैसे उतरली," ते म्हणाले. सचिन शतकाच्या जवळ आला की हा माणूस जसा पुढे सरकून बसायचा, तसा पुढे सरकून बसला होता.

तेवढ्यात माझी नजर खालच्या नोंदीवर गेली. सुंदर वळणदार अक्षर: 'पुढील डावे आसन. सागवानी ठोकळे, नग २, सुतारासह ३५०. भांडवली खर्च. दहा वर्षांत विभागावा.'

साडेतीनशे भागिले दहा. इतर ३५.

"तिला बसता यावं म्हणून केलं," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "सीट दोन इंच वर घेतली."

"बसले की मी," माई आतून म्हणाल्या. "आता गुडघा वाकतो, पण डोकं छताला लागतं. मान तिरकी करून बसावं लागतं. सारसबागेपर्यंत एकदा जाऊन आले तशी. लोकांना वाटलं, नवऱ्याशी भांडण झालंय."

"दीड इंचाचे करून बघणार आहे," नाना म्हणाले. "सुताराला सांगितलंय."

मी घरी आलो. गाडीची नोंदणी २०२९ला संपते. ठोकळे २०३५पर्यंत विभागले आहेत. आयुष्यभर सरकारी पैशाचा चोख हिशेब ठेवलेल्या माणसाकडून अशी चूक होत नाही. चूक नसेल तर मग ते काय आहे, ते मला माहीत आहे. पण नानांच्या खतावणीत त्याला रकाना नाही.

हा माणूस मला अजूनही त्रास देतो. कालच माझ्या वायपरकडे बघून त्यांनी 'अरेरे' केलं. पण आता आमच्या इमारतीत एक कट शिजला आहे. मला स्टेशनला जायचं असलं की मी मेट्रो असतानाही नानांना विचारतो. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेत जाताना विचारतात. संगणकवाल्या मुलाने दोनदा आईला आणायला त्यांना स्वारगेटला पाठवलं. त्याची स्वतःची गाडी म्हणे चार्जिंगला होती. नानांना हे कळलेलं नाही असं समजायला आम्ही मूर्ख नाही, आणि ते बोलून दाखवायला ते. या दिवाळीला सुधारित अंदाज ४२० किलोमीटरवर गेला आणि भाव ३० रुपये ९० पैशांवर आला. ठोकळे दीड इंचाचे झाले. माईंची मान आता थोडीच तिरकी होते.

रिक्षाच्या बरोबरीला, म्हणजे सतरा रुपयांवर, यायचं तर वर्षाला १,०३५ किलोमीटर व्हायला हवेत. हा हिशेब नानांनी केलेला नाही. मी केलाय, मघाशी, या कागदाच्या मागच्या बाजूला. अजून ६१५ कमी पडतात.

तेव्हा तुमच्या पार्किंगमधला तो जो कोणी असेल, त्याला गाडी एव्हरेज किती देते ते विचारू नका, तासभर जाईल. एवढंच विचारा, "मला जरा स्टेशनपर्यंत सोडता का?" आणि कोथरूडमध्ये राहत असाल तर आमच्याकडेच या. पुढची डावी सीट सोडून कुठेही बसा.